आधी वाळू, मग पाणी

पुतण्या आता नुसतं धावायला तयार नाही. त्याला स्टीपलचेसच करायचंय. आष्टी तालुक्यात हे वेड स्वाभाविक आहे. मांडव्याच्या अविनाश साबळेंनी 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत रौप्य मिळवलं. सुवर्ण अवघ्या 0.05 सेकंदाने हुकलं. पण साबळेही सैन्यात आधी क्रॉस कंट्री धावले, अडथळे नंतर आले, हे पोरांना सांगावं लागतं.

या शर्यतीतला अडथळा शाळेतल्या हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही. जाड, जड आडवी तुळई, पुरुषांसाठी 91.4 सेंटिमीटर उंच. 3000 मीटरमध्ये अशा 28 उड्या, वर पाण्यावरच्या 7. जुलै 2025 मध्ये मोनाकोत खुद्द साबळेंचा गुडघा पाण्याच्या उडीत दुखावला.

म्हणून आज वाळूच्या खड्ड्याजवळ कमी उंचीची, पडणारी हर्डल लावली. डाव्या पायावर पोरगं झोकात उडतं. उजव्याची पाळी आली की पावलं आखडतात, नजर खाली जाते. दोन्ही पाय सारखे चालेपर्यंत पाणी नाही, असं बजावलंय. रुसलाय. रुसू दे.

क्रीडाशिक्षकांनो, एक कळकळीची विनंती: दमलेल्या पोराला अडथळ्यावर घालू नका.