आबांची पोटरी आणि सोळावा हिस्सा

फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवात हमखास विचारलं जाणारं हेगन-पॉइझुलचं समीकरण आठवतंय का? (नावाचा उच्चार कुणालाच धड जमत नाही, ते सोडा!) नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, थेट सोळावा हिस्सा उरतो. हा पॉइझुल इंजिनिअर नव्हता बरं का. फ्रान्समधला डॉक्टर होता, आणि बारीक नळ्यांचे प्रयोग त्याने रक्त कसं वाहतं हे कळावं म्हणून केले.

आमच्या सटाण्यात हे समीकरण मला चालताना दिसतं. आबा, म्हणजे माझे आजोबा, देवमामलेदारांच्या मंदिरात जाताना हल्ली दोनदा थांबतात. पोटरी धरते, दोन मिनिटं उभं राहिलं की सुटते. थांबल्याचं कळू नये म्हणून ओळखीच्या दुकानात कांद्याचा भाव विचारतात! जर्मन लोक या दुखण्याला दुकानांच्या काचा बघत थांबण्याचा आजार म्हणतात. चाळीस वर्षं बिडी ओढून पायाच्या धमन्या आतून अरुंद झाल्या. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'आर्टरी' आधी कळते, 'धमनी' नंतर.)

रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी नावाचं प्रोटीन जास्त आलं आणि घर हादरलं. आई तर सरळ "पाय कापतील का गं?" म्हणाली. मग मी वाचायला बसले. सीआरपी १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह झाला की लिव्हर ते भराभर बनवतं. १९९८ मध्ये रिडकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या निरोगी अमेरिकन डॉक्टरांना पुढे पायाच्या धमन्यांचा आजार झाला, त्यांच्या रक्तात हे आधीपासूनच जास्त होतं. म्हणजे उपयोगाचं आहे. पण आबांची तेव्हा दाढ सुजली होती, आणि दाढेनेही ते वाढतं! हे होस्टेलच्या फायर अलार्मसारखं झालं. धूर आहे एवढंच कळतं. आग लागली की कुणी चोरून हीटरवर मॅगी करतंय, ते खोली उघडूनच बघावं लागतं.

इथे खोली उघडणं फार स्वस्त आहे. घोट्याचं ब्लड प्रेशर भागिले दंडाचं. उत्तर ०.९० किंवा कमी आलं तर गडबड. आबांचं आलं ०.६८. एका साध्या भागाकारासाठी आम्ही आधी एवढे रिपोर्ट का केले, याचा मला अजून राग येतो.

मला मात्र दुसरंच प्रोटीन आवडलं, फायब्रिनोजेन. रक्त गोठवणारं. ते वाढलं की रक्त दाट होतं, म्हणजे ते थेट आपल्या समीकरणात छेदस्थानी जाऊन बसतं. (रक्त न्यूटोनियन नाही हे मला माहीत आहे, सर!) बिडीने ते वाढतं आणि बिडी सोडल्यावर उतरतं. त्रिज्या आपल्या हातात फारशी नाही, दाटपणा थोडा तरी आहे.

डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं नाही, उलट दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला म्हणाले. कांद्याचा भाव विचारणं आता औषधात जमा आहे. आबांना सगळं समीकरण समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे बिडी नको, एवढंच ना?"

बंडल अजून देवळीत आहे. मागच्या सुट्टीत मोजल्या तेव्हा अकरा होत्या. या वेळीही अकराच भरल्या.