स्वस्त फीत

सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी, हे सूत्र नोकरीत शिरताच आमच्या अंगी इतके मुरले की घरीही आम्ही त्यानेच चालू लागलो. २००९ साली भिलाईच्या सेक्टर २ मधील आमच्या क्वार्टरात यवतमाळकडची आजी महिनाभर राहावयास आली, तेव्हाची ही गोष्ट.

आजीचे जाते केव्हाच सुटले होते. ओव्या मात्र सुटल्या नव्हत्या. तांदूळ निवडतानाही ती त्या म्हणे. मामांनी दिलेल्या जुन्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यात त्या साठवाव्यात म्हणून आम्ही सुपेल्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने दोन प्रकारच्या कॅसेटी पुढे ठेवल्या. महागडीत चित्र अधिक चांगले येते काय, असे आम्ही विचारले. तो प्रामाणिकपणे नाही म्हणाला. ते खरेही होते. अंकांत नोंदलेले चित्र फितीच्या किमतीने उजळत नाही. आम्ही स्वस्त कॅसेट घेतली आणि वर साठ मिनिटांच्या फितीत नव्वद मिनिटे बसविणारी मंदगती लावली.

“माह्यं गानं काय भरून ठेवतं, बाप्पा?” म्हणून आजी हसली.

जास्त पैसे कशाचे, हे पुढे उमगले. ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या त्या फितीवर वाफेने बसविलेला धातूचा थर असतो. त्यावरील एकेका रेषेची रुंदी १० मायक्रॉन. मंदगतीत ती ६.७ वर येते. थरात खोट असली की तेथले अंक गळतात. थोडे गळले तर यंत्र हिशेब जुळवून घेते. फार गळले तर मागच्या चित्राचे चौकोन चिकटविते आणि आवाज बंद करते. शिवाय मंदगतीची फीत दुसऱ्या कॅमेऱ्यात नीट चालेलच, याची खात्री नसते.

आजी गेली. मामांचा कॅमेराही बिघडला. २०१६ साली मागून आणलेल्या कॅमेऱ्यात आम्ही ती कॅसेट लावली. आजीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटले, ओठ थिजले आणि माहेरची ओवी मध्येच मुकी झाली. दोन कॅसेटींच्या किमतीत फरक होता तो एका मसाला डोशाचा!

ज्यांच्या कपाटात अशा कॅसेटी असतील, त्यांनी चालता कॅमेरा मिळतो आहे तोवर त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. आम्ही त्या दिवशी आईला ती ओवी विचारली. पहिला चरण तिने म्हटला. दुसरा तिला आठवेना.