मोठ्यांच्या हातालाही काम

मुलांसाठी प्रदर्शन मांडताना मला मुलांची चिंता नसते. मूल आत आलं की चप्पल काढायच्या आधीच मातीत हात घालतं. विचार करावा लागतो तो सोबतच्या मोठ्यांचा. ते पिशव्या सांभाळत भिंतीकडेला उभे राहतात, फोटो काढतात, नाहीतर “असं नाही रे, असं” म्हणत मुलाचा हात धरून स्वतःच रेघ ओढतात.

म्हणून कलाकार यायोई कुसामा यांची ‘ऑब्लिटरेशन रूम’ मला फार मोलाची वाटते. २००२ मध्ये ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत ती मुलांसाठी पहिल्यांदा मांडली गेली. चारचौघांच्या घरासारखी खोली, पण भिंतींपासून फर्निचरपर्यंत सगळं पांढरंशुभ्र. येणाऱ्याच्या हाती रंगीत टिकल्यांचा कागद द्यायचा. हव्या तिथे चिकटवा. टिकली लावायला चित्रकला यावी लागत नाही आणि ती चुकीच्या जागी लागूच शकत नाही. मग आजी नातवाला शिकवणार काय? तीही लावत सुटते. त्याआधी १९६८ मध्ये कलाकार पॅले नील्सन यांनी स्टॉकहोमचं मॉडर्ना म्युझेट हे कलासंग्रहालय मुलांना खेळायला मोकळं करून दिलं होतं. मुलांना प्रवेश फुकट, मोठ्यांना तिकीट! धाडस त्यांचंच मोठं. पण मुलांचा खेळ हीच तिथली कलाकृती होती, आणि मला मोठ्यांनाही खेळात ओढायचं असतं.

त्यासाठी माझी आवडती मांडणी साधी आहे. जमिनीवर मोठा कागद, लाकडी ठोकळ्याला भोक पाडून त्यात बसवलेला जाड मार्कर, ठोकळ्याला चार दोऱ्या आणि चार दिशांना चार माणसं. दोरीने ओढता येतं, ढकलता येत नाही. समोरच्याने ढील दिल्याशिवाय मार्कर तुमच्याकडे सरकतच नाही. एका बाबांनी घर काढायचं ठरवलं आणि दोरी घट्ट धरून ठेवली. समोरून सहा-सात वर्षांची लेक ओरडली, “बाबा, ढील दे ना!” त्यांनी दिली. रेघ गर्रकन वळून कागदाच्या कडेपर्यंत गेली, घर राहिलं बाजूला, आणि ते गृहस्थ मोठ्याने हसले. तोवर ते तिथे पालक म्हणून उभे होते.

सूचनांचा फलक मी मुद्दाम मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावतो, अक्षरं बारीक ठेवतो. वाचायला मोठ्यांना उकिडवं बसावं लागतं. एकदा बसले की बहुतेक जण लवकर उठत नाहीत.