चूक कोणाची?

तुम्ही मित्राला नावाने हाक मारता. त्याचा हजेरी क्रमांक हवा असेल, तर हजेरीपट पाहावा लागतो. संगणकांच्या जगातही असेच आहे. इंटरनेटवर संगणकांचे पत्ते आकड्यांत असतात. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो. संगणकाला मात्र आकडा लागतो. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. पूर्वी अमेरिकेत अशा नावांची एकच यादी एका ठिकाणी ठेवलेली असे. संगणक वाढले आणि ती यादी सांभाळणे कठीण झाले. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही नवी व्यवस्था आखली. आता ते काम जगभरच्या अनेक संगणकांत वाटलेले आहे.

हे सारे मी पुस्तकात वाचले होते. पण खरा धडा मला आमच्या शाळेच्या कार्यालयात मिळाला.

त्या दिवशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. कार्यालयात तीन संगणक होते. ज्या संगणकात मुलांची कागदपत्रे होती, त्यावरच एकही संकेतस्थळ उघडेना. दुपारचे बारा वाजले. लिपिक घाबरून गेले. आदल्या दिवशी दुपारी नववीतला एक मुलगा वार्षिकांकाचा लेख टाइप करायला त्या संगणकावर बसला होता. मी त्याला बोलावले आणि सर्वांसमोर विचारले, "काय बिघडवलेस?"

"सर, मी फक्त लेख टाइप केला," तो म्हणाला. मी ऐकले नाही. त्याला खूप रागावलो. तो मान खाली घालून दाराशी उभा राहिला.

मग मी तपास सुरू केला. आधी शेजारचे दोन संगणक पाहिले. ते नीट चालत होते. म्हणजे इंटरनेटची जोडणी ठीक होती. नंतर बिघडलेल्या संगणकावर 'पिंग' ही आज्ञा दिली आणि ८.८.८.८ हा पत्ता लिहिला. लगेच उत्तर आले! मग आकड्याऐवजी संकेतस्थळाचे नाव लिहिले. उत्तर आले नाही. आता कोडे उलगडले. रस्ता मोकळा होता, पण नावाचा आकडा सांगणारे कोणी नव्हते.

मी संगणकाचे सेटिंग उघडले. इतर दोन संगणकांना डीएनएसचा पत्ता आपोआप मिळत होता. या संगणकात तो हाताने लिहिलेला होता. तो पाहताच मी चपापलो. दोन वर्षांपूर्वी मीच तो लिहिला होता! तो जुन्या इंटरनेट कंपनीचा पत्ता होता. आदल्या दिवशी संध्याकाळी शाळेने कंपनी बदलली आणि तेथून उत्तर येणे बंद झाले.

मी तो आकडा पुसला आणि पत्ता आपोआप मिळेल असे सेटिंग केले. संकेतस्थळ उघडले. संध्याकाळपर्यंत सगळे अर्ज भरून झाले.

पण तो मुलगा अजून दाराशीच उभा होता. मी वड्याचे तेल वांग्यावर काढले होते. रागावलो होतो सर्वांसमोर, म्हणून सर्वांसमोरच म्हणालो, "बेटा, चूक माझी होती. मला माफ कर."

तो हळूच हसला. म्हणाला, "सर, चूक कशी शोधली, ते मला शिकवाल?"

मित्रांनो, तो आकडा पुसायला मला एक मिनिटही लागले नाही. ते एक वाक्य बोलायला मात्र फार जड गेले. म्हणून सांगतो, आधी तपास करा आणि मगच कोणाला बोल लावा.