कागदाएवढं अंतर

इंजिनातलं तेल सहसा धारेनं गळत नाही. आधी नुसता ओलावा येतो, त्यावर धूळ बसते, धुळीचा काळा लेप होतो. तो लेप पुसून काढावा, तर दुसऱ्या दिवशी बोटाला पुन्हा तोच चिकटपणा लागतो. माझ्या हेराल्डच्या टायमिंग कव्हरखाली असा ओलावा बरेच दिवस होता. मग क्रँकची पुली ते तेल उचलून भोवती शिंपडू लागली. फॅनबेल्ट माखला, चेसिसचा पुढचा भाग काळा झाला आणि गाडी तापली की करपट वास आत येऊ लागला. "जुनी गाडी आहे, गळणारच. तेल टाकत राहायचं," असं सांगणारे पुष्कळ भेटले. जुनं झालं म्हणून गळू द्यायचं, हा न्याय मला माणसांच्या बाबतीत पटत नाही. यंत्राच्या बाबतीत तरी का पटावा?

आणि हे यंत्र तर मोठ्या घरचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीनं १९६१ साली हेराल्ड बनवायला घेतली. मूळची ती इंग्लंडातली १९५९ ची ट्रायम्फ हेराल्ड. तिच्या रेषा तुरिनच्या जोव्हानी मिकेलॉत्तीनं काढलेल्या. याच गाडीची चेसिस आखूड करून तिच्यावर १९६२ साली ट्रायम्फची स्पिटफायर उभी राहिली. दोन माणसांची, उघड्या टपाची, जगभरच्या पोरांच्या स्वप्नात धावलेली ती स्पोर्ट्स कार. इंजिनही एकाच घराण्यातलं. म्हणजे माझी हेराल्ड बायकापोरांना घेऊन शिर्डीला जाणारी असली, तरी अंगात रक्त स्पोर्ट्स कारचं. तिचं बॉनेट उघडलं की हे नातं दिसतं. मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचं अख्खं नाक पुढे उलटतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. पुढच्या चाकावर बसून काम करावं, अशी सोय दुसऱ्या कुठल्या गाडीत मी पाहिली नाही.

अशी गाडी नगरात असावी, हे मला योग्यच वाटतं. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी इंजिनांशी त्याचं सख्य जुनंच आहे. रणगाडा दलाचं केंद्र आणि शाळा १९४८ पासून इथे आहे. रणगाडा संग्रहालयात पॅटन रणगाडा आहे आणि रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चेसिसवर बांधलेली चिलखती गाडीही आहे. लष्करी वाहनांची चाचणी घेणारी संशोधन संस्था इथलीच, आणि देशभर घराघरांत गेलेली लुना कायनेटिकच्या इथल्याच कारखान्यात बनली. ज्या गावात इतकी इंजिनं तपासली, जोडली, फिरवली गेली, तिथल्या गल्लीबोळांतही कान तयार होतात. स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या चाचांचा कान तसा आहे. गाडी दारात उभी राहण्याआधीच त्यांना टॅपेट वाजत असल्याचं कळतं.

चाचांनी खाली वाकून पाहिलं, ओल्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बेटा, वरनं पुसून काय कळणार नाय. उघडू."

रेडिएटर निघाला, बेल्ट निघाला. पुलीचा मोठा नट पान्याला लांब पाइप लावून सुटला. मग कव्हरचे स्क्रू एकेक करून डब्याच्या झाकणात पडले आणि पत्र्याचं ते कव्हर हातात आलं. आतलं दृश्य पाहून मी गप्पच झालो. क्रँकचं छोटं चक्र, कॅमचं त्याच्या दुप्पट दातांचं मोठं चक्र आणि दोघांना बांधणारी साखळी. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, याचा सगळा हिशेब या एका साखळीवर. सोनेरी तेलात न्हालेली ती साखळी साठ वर्षांच्या इंजिनात आजही वेळ चुकवत नव्हती. बिघाड तिच्यात नव्हताच. बिघाड होता तो तिच्यावरच्या झाकणात.

चाचांनी कव्हर उजेडाकडे धरलं आणि त्याच्या कडेवर पोलादी पट्टी आडवी ठेवली. पट्टीखालून उजेड येत होता. प्रत्येक स्क्रूच्या भोकाशी पत्रा आत दबला होता आणि दोन भोकांच्या मधे कमानीसारखा वर आला होता. हे कसं झालं, ते चाचांनी सांगितलं. कधीतरी थोडं तेल दिसलं, म्हणून कुणीतरी स्क्रू आवळले. आवळलेल्या जागी पत्रा दबला, मधली जागा सुटली, तेल वाढलं. पुढच्यानं आणखी आवळले. गळती थांबवायला जितका जोर लावला, तितकी गळतीला वाट मिळत गेली. भरीला इंजिनाचा ब्रीदर मातीनं आणि काजळीनं तुंबलेला. नगरची कोरडी धूळ कुठे शिरत नाही? इंजिनाच्या पोटातला वारा बाहेर पडायला जागा नाही, मग तो तेलाला कोपऱ्यात रेटतो आणि सगळ्यात कमकुवत सांध्यातून बाहेर काढतो.

चाचांनी ब्रीदर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. कव्हर सपाट लोखंडी ठोकळ्यावर पालथं घातलं आणि छोट्या हातोडीनं भोकांच्या कडा एकेक करून सरळ केल्या. चार ठोके, मग पट्टी. दोन ठोके, पुन्हा पट्टी. उजेड दिसेनासा होईपर्यंत हेच. नंतर नवं ऑइल सील बसवलं.

पॅकिंग बाजारात मिळणार नव्हतं; ते त्यांनी हातानं कापलं. पॅकिंगचा जाड कागद त्यांनी कव्हरवर पसरला, अंगठ्यानं दाबून धरला आणि हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं हलके ठोके देत गेले. कात्री नाही, पेन्सिल नाही. लोखंडाची कडच कागदाला कापत होती. स्क्रूच्या भोकांवर त्यांनी बेअरिंगचा छर्रा ठेवला आणि एकेका ठोक्यात गोल टिकली खाली पडली. थोड्या वेळात कव्हरचा हुबेहूब आकार कागदातून सुटून त्यांच्या हातात आला. मी तो उजेडात धरला तेव्हा मनापासून वाटलं, ही कारागिरी एखाद्या संग्रहालयात काचेमागे ठेवण्याच्या योग्यतेची आहे, आणि ती इथे, ग्रीसच्या डब्याशेजारी, रोज होते आहे.

गळतीचं मोल या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत पाझर तलाव होता, पण पाळूतून गळती होती म्हणून त्यात पाणी ठरत नव्हतं. लष्करात ट्रक चालवून आलेले अण्णा हजारे १९७५ साली गावी परतले आणि गावानं श्रमदानानं ती पाळू दुरुस्त केली. तलावानं पाणी धरलं, तसं खालच्या विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी राहिलं. नवा तलाव बांधावा लागला नाही. होता त्याचा सांधा नीट करावा लागला. पाऊस कमी म्हणून कपाळाला हात लावायचा, की पडलेला पाऊस जातो कुठून ते वाकून पाहायचं? या मातीनं दुसरा रस्ता धरून दाखवला आहे. चाचांच्या गॅरेजात मला तोच रस्ता दिसत होता.

कव्हर बसवायची वेळ आली तेव्हा चाचांनी शिकाऊ पोराला पुढे केलं. कव्हरच्या आत साखळीला ताण देणारी पोलादी पात आहे. ती वाकवलेल्या तारेनं मागे ओढून धरली, तरच कव्हर जागेवर जातं. पोरानं तार धरली, कव्हर सरकवलं, तार अलगद काढून घेतली. सगळे स्क्रू आधी बोटांनी लावले. मग समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनं. तिसऱ्या फेरीला पोराच्या मनगटात जोर आला, तसा चाचांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "कागद दबला, बास. आता आवळशील तर परत गळेल."

पोरानं पाना काढला आणि वाकून कडेकडेनं पाहिलं. कागदाची एकसारखी बारीक रेघ सगळ्या बाजूंनी दिसत होती, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. आवळायला तो आधीच शिकला होता. थांबावं कुठे, हे त्या दुपारी त्याच्या मनगटाला कळलं. आवळणारे हात मला या गाडीच्या निमित्तानं खूप भेटले. थांबायला शिकवणारा हात चाचांचा.