पलीकडची बाजू

व्यापारी घरातील मुलगी राज्याच्या करप्रकरणांसाठी सहायक सरकारी वकील झाली, तेव्हा नातलगांनी पेढे खाल्ले आणि वडिलांना हळूच विचारले, "म्हणजे आता ही आपल्याच विरुद्ध उभी राहणार?"

मुंबई उच्च न्यायालयात तिच्याकडे येणारी प्रकरणे बहुधा एकाच वळणाची. जीएसटीची नोटीस पोर्टलवर पडते, दुकानदार ती पाहत नाही, एकतर्फी आदेश होतो. (पोर्टल उघडणे हाही आता दुकान झाडण्यासारखा नित्यनेम झाला पाहिजे.) कलम १०७ प्रमाणे अपिलाची मुदत ३ महिने, विलंब माफ होतो तो फार तर आणखी १ महिन्याचा. ती टळली की उरते रिट याचिका, आणि तिला शासनातर्फे उत्तर देणे हे तिचे काम.

एका फाईलमध्ये सुनावणीच्या तारखेचा रकाना कोराच होता. प्रतिकूल आदेशापूर्वी सुनावणीची संधी कलम ७५(४) ने बंधनकारक. पण समोरच्या वकिलाने हा मुद्दा घेतलाच नव्हता. अधिकारी म्हणाले, "त्यांनी विचारले नाही, तर आपण का सांगावे?"

रात्री तिने नावगाव न सांगता वडिलांपुढे पेच मांडला. ते म्हणाले, "गिऱ्हाईक तराजू पाहत नाही, म्हणून माप कमी द्यायचे का?" अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आणि खोटे वजनमाप शेजारीशेजारीच येतात.

तिने न्यायालयाला कोरा रकाना दाखविला. आदेश रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीला गेले. कर माफ झाला नाही.

पुढच्याच महिन्यात खोट्या बिलांचे एक प्रकरण आले. व्यापारी ओळखीतला, मामांकरवी निरोपही आला. तिने ते प्रकरण दुसऱ्या वकिलाकडे सोपविण्याची लेखी विनंती केली. मामा अजून बोलत नाहीत.