तीन ठोके

सिलतऱ्यात सकाळी तुळशीला पाणी घालायला गेलं की पानांवर काळी भुकटी बसलेली दिसते. रायपूर-बिलासपूर रस्त्यालगतचा हा पट्टा स्पंज आयर्नचा. लांबलचक फिरत्या भट्ट्यांत लोहखनिज आणि कोळसा एकत्र जातात, हजार अंशांच्या आसपास तापतात. खनिज वितळत नाही, नुसता त्यातला प्राणवायू निघून जातो आणि सच्छिद्र लोखंड हाती येतं. इथली सगळी बोलणी टनांत चालतात. मुलाची नोकरी इथल्या कारखान्यात, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघं इथे राहायला आलो. माझं आयुष्य मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी हिशेब करण्यात गेलं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मी विमानाच्या सांगाड्याचं काम करणारा फिटर होतो.

रायपूरच्या एका मराठी घरातला मुलगा इथे मेंटेनन्सला आहे. शिफ्ट सुटली की कधीमधी घरी येतो. परवा त्याने विचारलं, "काका, नट-बोल्ट तर आम्हीही आवळतो. विमानात असं काय वेगळं असतं?" प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मी त्याला रिव्हेटची गोष्ट सांगितली.

विमानाचा पत्रा बहुतेक ठिकाणी रिव्हेटने जोडलेला असतो, कारण वेल्डिंगच्या आचेने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद जाते. यातले काही रिव्हेट मोठे विलक्षण. ते आधी भट्टीत तापवायचे, मग पाण्यात एकदम गार करायचे. तेवढ्यापुरते ते मऊ असतात. पण नुसते पडून राहिले तरी आपोआप कडक होत जातात. म्हणून ते शून्याखालच्या थंडीत ठेवायचे, लागतील तेवढेच बाहेर काढायचे आणि काही मिनिटांत ठोकून मोकळं व्हायचं. वेळ टळलेला रिव्हेट दिसायला अगदी ताज्यासारखाच असतो, पण ठोकला की डोक्याला चीर जाऊ शकते. धातूचा हा स्वभाव जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांच्या १९०६ मध्ये लक्षात आला आणि त्यातून ड्युरालुमिन तयार झालं. धातूच्या विमानांचं युग त्या शोधावर उभं आहे. मला मात्र त्यातली एकच गोष्ट जन्मभर पुरली. नुसतं पाहून जे कळत नाही, ते नियम पाळूनच सांभाळावं लागतं.

हा रिव्हेट ठोकायला दोघे लागतात. बाहेरच्या बाजूला रिव्हेट गन धरणारा, आतल्या बाजूला पोलादी ठोकळा म्हणजे डॉली टेकवून बसलेला. मध्ये पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही, गनच्या आवाजात शब्दही ऐकू येत नाही. म्हणून ठोक्यांनी बोलायचं. आतल्याने पत्र्यावर एक ठोका दिला, तर अजून मार. दोन दिले, तर नीट बसला, पुढे चल. तीन दिले, तर बिघडला, काढून टाक. आतल्या माणसाला रिव्हेटचं नवं डोकं तयार होताना दिसतं. त्याची रुंदी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट हवी, उंची निम्मी हवी. गन तिरकी झाली तर डोकं कलतं, जास्त मारलं तर चपटं होतं. आत गुडघे मुडपून, मान वाकडी करून, घामाने निथळत बसलेल्या माणसाला हे सारं टॉर्चच्या उजेडात ठरवायचं असतं.

या कामात सगळ्यात अवघड ते तीन ठोके. आत बहुधा नवशिका पोरगा असतो, कारण अडचणीच्या जागेत तोच मावतो. बाहेर वयाने, हुद्द्याने मोठा माणूस. शिफ्ट संपत आलेली, बस दारात उभी. दोन ठोके दिले की सगळेच सुटतात. तीन दिले की रिव्हेट ड्रिलने काढा, भोक तपासा, मोठं झालं असेल तर इन्स्पेक्टरला बोलवा, कागद करा. त्या पोराने तरीही तीन ठोके दिले, तर तो त्या क्षणी कारागीर झाला असं मी मानतो.

जिथे हे तीन ठोके पडत नाहीत, तिथे काय होतं ते जगाने पाहिलं आहे. जपानमध्ये एका जंबो जेटची शेपटी १९७८ साली धावपट्टीला घासली. केबिनमधल्या हवेचा दाब पेलणाऱ्या मागच्या भिंतीची दुरुस्ती झाली, पण जोडपट्टी चुकीची बसवल्यामुळे रिव्हेटच्या दोन ओळींनी पेलायचा भार एका ओळीवर आला. वरून काहीच दिसत नव्हतं. विमान सात वर्षं उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फाटली आणि ५२० माणसं गेली. १९९० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची समोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सगळे वाचले. चौकशीत कळलं, काचेच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट व्यासाने अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त बारीक होते. रात्रपाळीत घाईने, जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून ते निवडले होते. तो माणूस कामचुकार नव्हता, अनुभवी होता. अनुभवाने डोळ्यावरचा विश्वास वाढतो. म्हणून अनुभवी माणसालाही पार्ट नंबर वाचायला लावणारी शिस्त लागते.

आमच्या रायपूरलाही एक विमान बरीच वर्षं मुक्कामाला राहिलं. ७ ऑगस्ट २०१५ रोजी बांगलादेशचं एक एमडी-८३ विमान ढाक्याहून मस्कतला निघालं होतं. इंजिनात बिघाड झाल्याने ते माना विमानतळावर उतरलं. प्रवासी सुखरूप बाहेर आले, पण विमान तिथेच राहिलं, पुढे त्याच्या कंपनीची उड्डाणंही थांबली. लोक त्या विमानाकडे बोट दाखवून पार्किंगच्या थकलेल्या भाड्याबद्दल बोलायचे. मला ते उभं विमान पाहून बरं वाटायचं. कोणीतरी वेळेवर "पुढे जायचं नाही" असं ठरवलं आणि शेकडो घरांचे दिवे शाबूत राहिले.

ओझरचा कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठी उभारलेला. सांगाडा ओझरला आणि इंजिनं बस्तरच्या शेजारी, ओडिशातल्या कोरापुटला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. त्यानंतर महिनाभरातच, १७ ऑक्टोबरला, ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए तिथूनच उडालं. टीव्हीवर वैमानिक आणि मंत्री दिसले. मी मात्र त्या पंखाकडे पाहत होतो. त्यातला एकेक सांधा कोणीतरी आत वाकून बसून पारखला आहे, हे मला ठाऊक आहे.

त्या मुलाला मी हेच सांगितलं. तुझ्या भट्टीचं बेअरिंग आणि विमानाचा बोल्ट यांत धातूचा फरक असेल, मापाचा असेल, पण "झालं" म्हणण्याआधी थांबून पाहणारा माणूस दोन्हीकडे एकच लागतो. भट्टी निदान बंद करता येते. आकाशात विमान बाजूला घेऊन उभं करता येत नाही. म्हणून त्या धंद्याने ही सवय आधी शिकून घेतली, इतकंच. ज्याला तिकडे जायचं असेल त्याला वाटही आहे. आयटीआयमधून अप्रेंटिस होता येतं, गणितासह विज्ञान घेऊन बारावी झालेल्याला विमान देखभालीच्या परवान्याचा अभ्यास करता येतो. नागपूरला मिहानमध्ये विमानदुरुस्तीचं मोठं केंद्र आहे, ते सिलतऱ्याहून फार लांब नाही.

आणि जे सुपरवायझर आहेत, ठेकेदार आहेत, मालक आहेत, त्यांना एक विनंती. तुमच्या हाताखालचा सगळ्यात लहान पोरगा जेव्हा "साहेब, हे बिघडलंय" म्हणेल, तेव्हा त्याच्यावर खेकसू नका. काम थांबवा, वाकून स्वतः बघा. तो बरोबर निघाला तर चारचौघांत त्याचं कौतुक करा आणि चुकीचा निघाला तरी विचारल्याबद्दल शाबासकी द्या. सुरक्षिततेचे फलक भिंतीवर लावण्याआधी एवढं करा.